पाच आणे चार पै

मालगुजारीच्या काळात भंडारा जिल्ह्यातल्या गावाची मालकी रुपयासारखी मोजली जाई. अख्खं गाव म्हणजे सोळा आणे. निम्मं गाव ज्याच्या नावावर तो आठ आण्यांचा हिस्सेदार, चौथाई ज्याच्याकडे तो चार आण्यांचा. इथवर सगळं सरळ. पण बाप गेला आणि मागे तीन भाऊ उरले, की हिश्शाच्या रकान्यात एक आडवळणी आकडा यायचा: प्रत्येकी ५ आणे ४ पै.

आजच्या सातवीतल्या मुलाला हा आकडा दाखवला तर ते गोंधळेल. आणे त्याने ऐकलेत तेही म्हणींत, पै तर नाहीच. त्याला एवढंच सांगावं लागेल की एका आण्याच्या बारा पै आणि रुपयाचे सोळा आणे, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. मग ते स्वतःच करेल. पाच आण्यांच्या ६० पै, वरच्या ४, झाल्या ६४. चौसष्ट छेद एकशे ब्याण्णव. दोन्हींना दोनने भाग जातो: ३२/९६. पुन्हा जातो: १६/४८. मग ८/२४, ४/१२, २/६ आणि शेवटी १/३. सहा पायऱ्या उतरल्यावर समोर काय येतं, तर जे सुरुवातीपासून सगळ्यांना ठाऊक होतं ते: तीन भाऊ, तीन सारखे वाटे.

अपूर्णांकाला त्याच्या अतिसंक्षिप्त रूपात आणणं म्हणजे हेच. किंमत काडीचीही बदलत नाही. भावाच्या वाट्याची एक बांधीही कमी होत नाही. बदलतं ते एवढंच की आकड्यामागे दडलेली गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. ६४/१९२ मध्ये तीन भाऊ दिसत नाहीत, १/३ मध्ये दिसतात. पुढची पानं या एवढ्याशा क्रियेबद्दल आहेत. ती पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहेत, त्यांच्या शिक्षकांसाठी आहेत, आणि शाळा सुटून पंचवीस वर्षं झाली तरी मुलाच्या गृहपाठाच्या वहीसमोर बसावं लागतं अशा आईबापांसाठीही.

शाळेत या क्रियेला मुलांनी दिलेलं नाव आहे 'काटाकाटी'. वरचा आकडा काट, खालचा काट, बाजूला बारीक अक्षरात नवा आकडा लिही. नाव झकास आहे, पण घोटाळाही त्यातच आहे. काटणं म्हणजे पुसून टाकणं असं एकदा डोक्यात बसलं की मूल काहीही काटतं. वर सहा दिसला, खाली सहा दिसला, मार काट. आणि गणिताचा खट्याळपणा असा की एका ठिकाणी ते चक्क जमतं. १६/६४ घ्या. वरचा सहा काटा, खालचा सहा काटा, उरलं १/४. उत्तर बरोबर! रीत साफ चूक. दोन अंकी संख्यांत, अंश छेदापेक्षा लहान ठेवून आणि शून्याची सोपी प्रकरणं सोडून, असे फक्त चार अपूर्णांक आहेत: १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. बाकी सगळीकडे ही युक्ती तोंडघशी पाडते. १३/३५ मधले तीन काटून पाहा, १/५ येतं, आणि ते धडधडीत खोटं आहे.

१६/६४ हा नुसता गमतीचा अपूर्णांक नाही. जुन्या रुपयाचे पैसे होते चौसष्ट आणि चार आण्यांचे पैसे होते सोळा. म्हणजे आजोबांच्या काळच्या पोराने चार आणे रुपयाचा कितवा भाग हे पैशांत मांडलं असतं तर त्याच्या पाटीवर नेमकं १६/६४ आलं असतं, आणि सहावर काट मारणाऱ्यालाही पुऱ्या मार्कांनी पास केलं गेलं असतं. म्हणून या पुस्तिकेत उत्तराआधी रीत विचारली आहे. 'कशाने भाग घातलास?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पानावर येईल. कंटाळा येईल, पण तो मुद्दाम आहे.

खरं तर ज्या भाषेत मराठी माणूस बाजारहाट करतो ती भाषा मुळातच संक्षिप्त रूपात बोलते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. 'दोन चतुर्थांश किलो वांगी द्या' असं भंडाऱ्याच्या आठवडी बाजारात कुणी म्हटलं तर भाजीवाली आधी त्याच्याकडे पाहील आणि मग वांग्यांकडे. तोंडात 'अर्धा'च येतो. 'सहा अष्टमांश' कुणी म्हणत नाही, 'पाऊण' म्हणतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करून घेत. संध्याकाळी ओट्यावर पोरं ओळीने बसून ती घोकायची. त्या घोकंपट्टीत रस होता असं म्हणवत नाही, पण त्या पोरांना पाऊण म्हणजे काय हे कागदाविना कळायचं, हेही तितकंच खरं.

आणि इथे एक बारकावा आहे, तो फार कमी वेळा कुणी दाखवतं. जुन्या मराठी हिशेबाच्या वहीत पाव लिहायचा तर एक उभी रेघ, अर्धा लिहायचा तर दोन, पाऊण लिहायचा तर तीन. सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥, पावणेदोन म्हणजे १॥।. नीट पाहा. अर्ध्याला दोन रेघा, कारण एकेक रेघ म्हणजे एकेक पाव. म्हणजे लिहिणारा हात २/४ लिहीत होता आणि वाचणारं तोंड 'अर्धा' म्हणत होतं. हाताला मोजणं सोयीचं, तोंडाला ओळखणं. एकाच माणसाकडे दोन्ही रूपं होती आणि कोणतं कुठे वापरायचं याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता. वर्गात मात्र २/४ वर लाल शाईची फुली पडते. ते उत्तर चूक नाही, अपुरं आवरलेलं आहे. हा फरक शिक्षकाने मुलाला सांगायला हवा, नाहीतर सममूल्य अपूर्णांक या धड्यातला 'सममूल्य' शब्दच वाया जातो.

या विषयाचं घराणं जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, तिच्यात दोन संख्यांना एकाच संख्येने भागून लहान करण्याला 'अपवर्तन' म्हटलं आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद सारखे करायचे त्याला 'समच्छेद', आणि तो शब्द तर आजच्या पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा आहे. शहाण्याने हरांचं, म्हणजे छेदांचं, आधी अपवर्तन करून घ्यावं म्हणजे आकडे फुगत नाहीत, ही सूचनाही तिथेच मिळते. पण सगळ्यात सुंदर शब्द कुट्टक या समीकरणं सोडवण्याच्या रीतीच्या प्रकरणात आहे. ज्या दोन संख्यांना आता एकाशिवाय कुठलाच सामाईक भाजक उरला नाही, त्यांना भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. अतिसंक्षिप्त म्हटलं की काहीतरी कापून आखूड केल्यासारखं वाटतं. दृढ म्हटलं की कळतं, आता हे आणखी हलणार नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. तसं सांगणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटण इथे आहे. भंडाऱ्यापासून लांब खरं, पण महाराष्ट्रातच.

तो सामाईक भाजक शोधायचा कसा? दोनने, तीनने, पाचाने भाग जातो का हे चाचपत जाणं ही मुलांची रीत, आणि ६४/१९२ ला ती पुरते. पण ३९१/५२७ समोर आला की चाचपणं संपतं. दोन नाही, तीन नाही, पाच नाही, सात नाही, अकरा नाही, आणि मूल वही मिटून 'याला भाग जात नाही' असं जाहीर करतं. जातो. मोठ्यातून लहान वजा करा: ५२७ मधून ३९१ गेले, उरले १३६. आता ३९१ मधून १३६ दोनदा काढा, उरले ११९. १३६ मधून ११९ गेले, उरले १७. आणि ११९ ला सतराने नेमका भाग जातो, सात वेळा. झालं. सतरा हा मसावि. वर २३, खाली ३१. ना पाढे आठवावे लागले, ना मूळ अवयव पाडावे लागले. ग्रीसमध्ये युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हीच रीत लिहून ठेवली. चीनमधल्या नऊ प्रकरणांच्या प्राचीन गणितग्रंथात अपूर्णांक लहान करण्यासाठी सांगितलं आहे की आधी दोन्हींचं निम्मं होतं का पाहा, होत नसेल तर एकातून दुसरा वजा करत राहा. आर्यभटाच्या ४९९ सालच्या कुट्टकातही हाच परस्पर भागाकार आहे. जो शेतकरी दोन दोऱ्या शेजारी धरून लांब दोरीतून आखूड दोरीएवढा तुकडा पुन्हापुन्हा कापत जाईल, तोही शेवटी इथेच पोचेल.

आता थोडं १९५७ बद्दल, कारण त्या वर्षी हा धडा सगळ्या देशाला एकदम गिरवावा लागला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळा आण्यांचे शंभर पैसे, तर एका आण्याचे किती? १००/१६. संक्षिप्त करा: २५/४. सव्वासहा. सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणणार? मग तक्ते निघाले: एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. पहिल्या तिन्ही ठिकाणी कुणाचं तरी थोडं इकडे किंवा तिकडे गेलं, चौथ्या ठिकाणी हिशेब चोख बसला. असं का, हे २५/४ या दृढ रूपातच लिहिलेलं आहे: छेदात चार आहे, म्हणून चाराच्या पटीतले आणेच पैशात नेमके उतरणार. चार, आठ, बारा, सोळा. भाषेत टिकले तेही हेच. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं तरी 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' अजून शिजतेच आहे, आणि तिचं प्रमाण विचाराल तर एकास तीन.

मालगुजारी नव्या पैशांच्या आधीच, १९५१ साली संपली होती. गावाचे सोळा आणे कागदात राहिले.

आज या जिल्ह्यात अपूर्णांक कुठे भेटतो म्हणाल तर भात गिरणीत. भंडारा हा धानाचा जिल्हा. आधारभूत केंद्रावर खरेदी केलेलं धान भरडाईसाठी गिरणीत जातं आणि गिरणीवाल्याने त्या बदल्यात किती तांदूळ परत द्यायचा याचं प्रमाण सरकारने ठरवलेलं असतं: साध्या, म्हणजे अरवा तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो, उष्णा तांदळासाठी ६८ किलो. उष्ण्याचं धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. दाणा घट्ट होतो, कणी कमी पडते, म्हणून एक किलो जास्त. फरक एका किलोचा, पण अपूर्णांक म्हणून दोघांचा स्वभाव वेगळा. ६८/१०० ला चाराने भाग जातो: १७/२५. पंचवीस किलो धानाला सतरा किलो तांदूळ, तोंडी हिशेब. ६७ मात्र मूळ संख्या. ६७/१०० आधीच दृढ आहे, त्याला कितीही विनवा, तो लहान व्हायचा नाही.

पण दृढ अपूर्णांकाशीही काटाकाटी चालते, फक्त ती शेजाऱ्याशी करावी लागते. धानाचं पोतं ४० किलोचं धरू. एका पोत्याचा अरवा तांदूळ किती? ४० गुणिले ६७/१००. इथे ४० आणि १०० दोघांनाही विसाने भाग जातो: वर दोन, खाली पाच. दोन सदुसष्टे एकशे चौतीस, भागिले पाच, सव्वीस पूर्णांक चार पंचमांश. म्हणजे २६ किलो ८०० ग्रॅम. कुणी घाईत 'सत्तावीस धरा' म्हणालं तर एका पोत्यात २०० ग्रॅमचाच प्रश्न, पण चारशे पोत्यांच्या मालात तो ८० किलोंचा होतो. अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांक ठेवला तर काय मिळतं पाहा: ४०० गुणिले १३४/५, चारशेला पाचाने भागा, ८० गुणिले १३४, १०,७२० किलो. गणकयंत्र खिशातच राहिलं.

भंडाऱ्याची दुसरी ओळख पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि त्याचं एक नेहमीचं प्रमाण आहे सत्तर-तीस. शंभर किलोच्या भट्टीला हे ठीक. दहा किलोच्या मालाला सात आणि तीन म्हटलं की पुरे. कांशाचं प्रमाण, तांबं ७८ आणि कथील २२, एवढ्या गोडीने आवरत नाही. ३९ आणि ११ वर येऊन अडतं. पण भट्टी पाटीवरच्या प्रमाणाला पूर्ण जुमानत नाही हेही मुलांना सांगायला हवं. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला आणि जस्त उकळतं ९०७ ला. वितळलेल्या तांब्यात जस्त पडलं की त्यातलं काही पांढरा धूर होऊन निघून जातं. म्हणून जाणता कारागीर तीनाच्या जागी तीनाहून थोडं अधिक टाकतो, तेव्हा कुठे भांड्यात सातास तीन उतरतं.

आता उलट बाजू. काही ठिकाणी संक्षिप्त करणं हा वेंधळेपणा ठरतो. पिकाची पैसेवारी घ्या, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा अंदाज, जिला जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते आणि गावाचं सगळं लक्ष पन्नास पैशांच्या रेषेवर असतं, कारण दुष्काळी सवलती वर्षानुवर्षं त्या रेषेखालीच मिळत आल्या. ४८ पैसे आणि ५२ पैसे ही दोन गावं १२/२५ आणि १३/२५ अशी लिहून पाहा. गणिताच्या दृष्टीने निर्दोष, आणि कुणालाही न कळणारी. शंभराचा छेद इथे सगळ्यांना सामाईक आहे, म्हणूनच तुलना होते. तो काढून घेतला की पन्नासची रेषाच दिसेनाशी होते. तसंच, चारपैकी दोन बियाणी उगवली आणि चारशेपैकी दोनशे उगवली, दोन्ही अर्धीच, पण कृषी सहायक विश्वास ठेवेल तो दुसऱ्या अर्ध्यावर. किती पाहिलं होतं ही माहिती संक्षिप्त रूप गिळून टाकतं. या पुस्तिकेत अशी काही उदाहरणं मुद्दाम पेरली आहेत, जिथे योग्य उत्तर 'इथे काटू नका' असं आहे.

वरच्या वर्गांत गेलं की मात्र दृढ रूपाशिवाय पान हलत नाही. कुठला अपूर्णांक दशांशात संपेल आणि कुठला अखंड चालत राहील, हे छेदाच्या अवयवांवरून कळतं: छेदात फक्त दोन आणि पाच असतील तर संपतो. पण ३/१२ च्या छेदात तीन आहे, तरी तो ०.२५ वर थांबतो. नियम मोडला का? नाही, आधी आवरायचं राहिलं होतं; ३/१२ म्हणजे १/४. आणि दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही याची ती प्रसिद्ध सिद्धता तर या एकाच वाक्यावर उभी आहे: समजा ते लिहिता येतं, आणि तो अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे. मग दिसतं की अंशही सम आहे आणि छेदही सम, म्हणजे दोघांत दोन सामाईक, म्हणजे तो अतिसंक्षिप्त नव्हताच. पाचवीत ज्याला काटाकाटी म्हटलं त्याच्याच जोरावर इथे अख्खी एक संख्या अपूर्णांकांच्या गावाबाहेर काढली जाते.

पुस्तिकेतलं पहिलंच उदाहरण त्या मालगुजारी वाटणीचं आहे, आणि पहिला भाग सोपा आहे. तिघांपैकी एका भावाला दोन मुलगे: प्रत्येकी १/६, म्हणजे ३२ पै, २ आणे ८ पै. दुसऱ्या भागात त्यातल्या एकाला तीन मुलं होतात आणि वाटा १/१८ वर येतो. १९२ भागिले १८, सहाने आवरलं की ३२/३, म्हणजे १० पै आणि वर दोन तृतीयांश. पैच्या खाली नाणं नाही. मूल इथे अडावं अशीच अपेक्षा आहे.

तिसरा भाग आजचा आहे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. तेव्हा तीन भावांबरोबर आता दोन बहिणीही वाटणीला बसल्या आहेत. १/५ जुन्या रुपयात मांडून पाहा: १९२ ला पाचाने भाग जात नाही, ३८ पै आणि वर दोन पंचमांश लोंबकळत राहतात. तोच वाटा नव्या रुपयात मांडा. शंभराला पाचाने भाग जातो, प्रत्येकी वीस पैसे, खाली काही उरत नाही. मग त्याच नव्या रुपयात बहिणींना वगळून तिघांची वाटणी करून पाहा, आणि एक पैसा कुणाच्या पदरात टाकायचा ते ठरवा.